पत्राखालची आईची ओळ

४ मे

भिंगरी,

तू आज सकाळी निघालीस आणि मी आजच लिहायला बसलो, कारण पहिल्या मुक्कामाच्या पोस्टात तुझ्याआधी पत्र पोचलं पाहिजे. तुझी आई म्हणते, पोरगी अजून गाडीतून उतरली नसेल आणि तुमची काळजी तिकडे जाऊन बसली. म्हणू दे.

आधी ब्रेकचं लिहितो. जिन्याखालून सायकल बाहेर काढलीस तेव्हा पुढचा ब्रेक कुरकुरला. मला सायकलीतलं कळत नाही, पण सगळी नोकरी मी लिफ्टमध्ये उभ्यानं काढली आहे आणि थांबताना आवाज झालेला मला चालत नाही. कोणाला तरी दाखव. पाणी उकळलेलं आहे असं कोणी सांगितलं तर कधी उकळलं तेही विचार. कुत्रा मागे लागला तर पाय वर घ्यायचे की जोरात मारायचे हे मी इथे तिघांना विचारलं, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. तेव्हा कुत्रा दिसला की सरळ उतर आणि चालत जा. महिनाभर अनोळखी बारा माणसांबरोबर सायकल मारायची आणि शाळांच्या व्हरांड्यात झोपायचं, यात काय मजा आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण आता गेलीच आहेस.

परवा जेवताना तुम्ही दोघींनी जे ठरवलंत त्याचा मला राग आला आहे, हे लिहून ठेवतो. मान्य, दोनदा मी तुला उगाच बोलावलं. एकदा आईला ताप होता, तू परीक्षा सोडून धावत आलीस आणि आई ओट्याशी उभी राहून भांडी घासत होती. दुसऱ्यांदा माझ्या छातीत दुखत होतं, तो गॅस निघाला. पण म्हणून बापानं ‘ये’ लिहिलं तर ते धरायचंच नाही, आणि पत्राखाली आई स्वतःच्या हातानं जी ओळ लिहील तीच खरी मानायची, हा कुठला न्याय? पत्र मी लिहायचं आणि शिक्का तिनं मारायचा.

तिची तब्येत आहे तशीच आहे. डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या की हृदय थकलंय, पायांवर पाणी उतरतं, औषधावर वर्षभरही निघेल, पण सांगता येत नाही. त्यातलं ‘वर्षभर’ तुम्ही दोघींनी ऐकलंत आणि ‘सांगता येत नाही’ मी एकट्यानं. मी तिला म्हटलं होतं की पोरीला राहू दे इथेच. तर म्हणाली, डेपोत बसून गावोगावच्या पाट्या रंगवते माझी पोर, एका गावाला कधी गेलेली नाही. आता जाऊ दे. मी कुठे पळून चाललेय?

पुढच्या मुक्कामांचा कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. दर मुक्कामी पत्र मिळेल.

बाबा

मी बरी आहे. बाबांचं निम्मं वाच. — आई


८ मे

बाबा आणि आई,

पत्र खरंच माझ्याआधी पोचलं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, इतक्या सायकलवाल्यांत तुमचीच कोणीतरी वाट बघतंय. ब्रेक कप्तानांना दाखवला. त्यांनी चाक फिरवून ऐकलं आणि विचारलं, तुमचे वडील मेकॅनिक का? मी म्हटलं, नाही, घाबरट. त्यांनी ब्रेक नीट करून दिला. तेव्हा तुमचं बरोबर होतं, हे आईला ऐकू जाईल असं वाचा.

कप्तान म्हणजे आमचे म्होरके. आगीच्या बंबावर नोकरी केलेला माणूस. कधी ओरडत नाहीत, नुसते येऊन शेजारी उभे राहतात आणि आपल्याला आपली चूक आठवते. आमच्यामागून सामानाचा टेम्पो येतो. ज्याचे पाय संपले त्यानं टेम्पोत बसायचं, कोणी हसत नाही. आणि यांचा एक नियम मला आवडला. सपाटीवर कसंही जा, पण चढ आला की सगळ्यात हळू असेल त्यानं सगळ्यांच्या पुढे राहायचं आणि तगड्यांनी मागे. म्हणजे कोणी मागे सुटत नाही. आमच्यात सगळ्यात हळू मी आणि एक बेकरीवाले काका. त्यामुळे टेकाड दिसलं की आम्ही दोघं ऐटीत पुढे. काका म्हणतात, शाळेत कधी पहिला आलो नाही, तो नंबर देवानं इथे राखून ठेवला होता.

काल एक गंमत झाली. मागून बस आली, हॉर्न वाजवत पुढे गेली, आणि तिच्या मागच्या पाटीवरची अक्षरं माझी होती. ती पाटी मी हिवाळ्यात रंगवली होती, शेवटच्या अक्षराची वेलांटी मुकादमाला लांब वाटली म्हणून भांडलेही होते. रस्त्यावर उतरून मी ती वेलांटी दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिले. लांब नाहीये.

मांड्या दुखतात, नाक सोललं आहे, बाकी ठीक. ऊन वाढत चाललंय. खरा घाट पुढच्या आठवड्यात.

बाबा, आईला जिना उतरू देऊ नका. खालच्या शिंपीणकाकूंना दुपारी वर येऊन बसायला सांगा, म्हणजे तुम्हालाही झोप मिळेल. आई, तुझी ओळ आधी वाचली, मग पत्र. निम्मं नाही, सगळं वाचलं.

भिंगरी


१२ मे

भिंगरी,

हे तुला घाटाच्या पायथ्याला मिळेल. नीट वाच आणि ये.

तुझ्या आईला आता आडवं झोपवत नाही. आडवी झाली की छाती भरून येते, म्हणून माझ्या आरामखुर्चीत उशा लावून बसल्या बसल्या झोपते. मी खाली अंथरूण टाकतो. तिच्या चपला तिला होत नाहीत, ती माझ्या घालते, आणि त्याही सैल नाहीत. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबते. आधी मला वाटलं काही विसरली, पण ती श्वास घेत असते. शिंपीणबाई रोज येतात. काल दारात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ओठ बघितलेत का हो? मी बघितले होते. डॉक्टरीणबाईंनी पाणी उतरायची गोळी वाढवली, दवाखान्यात न्यायचं का विचारलं. तुझी आई नाही म्हणाली, इथली खिडकी बरी आहे म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी जास्त आग्रह केला नाही. तो त्यांनी का केला नाही, याचा मी कालपासून विचार करतोय.

मी घाबरट आहे, मला माहीत आहे. लिफ्टचा दिवा एकदा लुकलुकला तरी मी सगळ्यांना बाहेर काढून जिन्यानं पाठवायचो. साहेब लोक हसायचे आणि लिफ्ट कधी पडली नाही. पण हे ते नाही. हे ते नाही हे तुला कसं सांगू? माझ्याकडे एकच शब्द होता आणि तो मी दोनदा खर्चून बसलोय. तरी तोच लिहितो. ये.

पत्र तिला वाचून दाखवावं लागलं, नाहीतर ओळ लिहिणार नाही म्हणाली. वाचल्यावर म्हणाली, छान लिहिलंय, आता इकडे द्या. मी म्हटलं, खरं ते लिही. तिनं मला खिडकी उघडायला पाठवलं. खिडकी उघडीच होती.

बाबा

सूज आहे ती जुनीच. मी बरी आहे. घाट चढ आणि वरून काय दिसतं ते मला लिही. अर्ध्यातून परत आलीस तर बोलणार नाही. — आई


१७ मे

आई,

आज पत्र तुला लिहिते. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आणि मध्ये तुमचं काही घालू नका.

मी वर आहे.

बाबांचं पत्र काल पायथ्याला मिळालं. खोटं कशाला बोलू, वाचून रात्री जेवण गेलं नाही. आज पहाटे टेम्पो स्टेशनाकडे जाणार होता, बर्फ आणि ट्यूबा आणायला. कोणाला परत जायचं असेल तर सांगा, असं कप्तान सगळ्यांना म्हणाले. मग मी तुझी ओळ परत वाचली. अक्षर नेहमीसारखं गोल, सरळ, एक रेघ हललेली नाही. बाबांचं अक्षर मात्र भूकंप झाल्यासारखं. म्हटलं, दोघांत आजारी कोण आहे ते दिसतंच आहे. आणि निघाले.

उजाडायच्या आधी निघालो तरी ऊन आमच्याआधी वर जाऊन बसलं होतं. पहिली दोन वळणं गारव्यात गेली. मग डोंगराची सावली जी गेली ती परत आलीच नाही. डांबर इतकं मऊ झालं की चाकं चिकटून सुटायची, चर्र चर्र, जखमेवरची पट्टी सोलल्यासारखा आवाज. हँडल धरवेना, तेव्हा मोजे ओले करून हातात घातले, ते दोन वळणांत वाळले. टोपीखाली ओलं फडकं, तेही वाळलं. पुढे पुढे घाम यायचा बंद झाला. कप्तान शेजारी येऊन उभे राहिले. मी उतरले आणि पाणी प्यायले.

बेकरीवाले काका आणि मी सगळ्यांच्या पुढे. काका म्हणाले, मी जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलोय, पण भट्टीला दार असतं गं, लावता येतं. मी त्यांच्या मागच्या चाकाकडे बघत पायडल मारत राहिले. वर बघायचं नाही. वर बघितलं की रस्ता डोक्यावर दिसायचा, आणि त्यावरून जाणारी बस आपल्या अंगावर पडेल असं वाटायचं. त्यातल्या दोन बसवर माझ्या पाट्या होत्या. खिडकीतून एक बाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून ‘घरी कोणी नाही का हिला’ असं असावं.

भर दुपारी रस्त्याखालच्या मोरीत आम्ही सगळे ओळीनं आडवे झालो, पाणी जायचा कोरडा नळ होता तो, आत गुडघे मुडपून जेमतेम मावलो. तिथे थंड होतं. मला वाटलं आता इथून उठायचं नाही. टेम्पो स्टेशनाहून परतून वर आला होता, चार जण त्यात बसले. माझाही जीव तिकडेच ओढत होता. मग तुझं वाक्य आठवलं, बोलणार नाही म्हणालीस ते. तू न बोलणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. उठले.

शेवटची तीन वळणं चालत चढले, सायकल ढकलत. चालतं का, असं कप्तानांना विचारलं. ते म्हणाले, डोंगराला विचार. काका आणि मी बरोबरच वर पोचलो. पहिले. मागचे तगडे सगळे आमच्यामागून आले आणि कोणी आम्हाला ओलांडलं नाही.

आता वरून काय दिसतं ते सांगते. गावाचं नाव मी सगळ्यात जास्त वेळा रंगवलेलं, आणि गाव म्हणजे एक चहाची टपरी, एक पाण्याची टाकी आणि नावाचा दगड. दगडावरची अक्षरं इतकी वाईट आहेत की रंग असता तर आत्ताच पुसून परत काढली असती. पण वारा आहे. खाली बघितलं की आम्ही आलो तो रस्ता हातातून सुटलेल्या फितीसारखा पडलेला दिसतो, आणि त्यावर एक बस मुंगीच्या चालीनं वर येतेय. आत्ता मी जिथून तिच्याकडे बघतेय तिथे ती अजून अर्ध्या तासानं पोचेल. म्हणजे पुढचं थोडं मला आधी दिसतंय. क्षितिजावर एक चकाकती रेघ आहे. काका म्हणतात समुद्र, कप्तान म्हणतात धूळ. मी तुझ्यासाठी समुद्र धरते.

आई, इतकं दमून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. पाय थरथरताहेत म्हणून अक्षर असं आलंय, घाबरू नकोस.

तुझी भिंगरी


३० जून

भिंगरी,

तू गेलीस त्याला महिना झाला. पत्र नाही. पोस्टमन जिन्यापाशी आला की आता माझ्याकडे न बघता पुढे जातो, बिचारा.

तू रागावली आहेस हे मला कळतं. तार तुला उशिरा मिळाली. आई गेली त्याच संध्याकाळी मी ती केली होती, पण पुढच्या मुक्कामाच्या पत्त्यावर, आणि तुम्ही तिथे पोचलात दोन दिवसांनी. उन्हामुळे तिला न्यायला आम्हाला तुझ्यासाठी थांबता आलं नाही. तू आलीस तेव्हा घरात फक्त खुर्ची होती. चार दिवस राहिलीस, माझ्याशी धड चार वाक्यं बोलली नाहीस, माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. मी तेव्हा विचारलं नाही. आता कागदावर विचारायला सोपं जातं. तार आधी का केली नाही, म्हणूनच ना?

तुझं वरून लिहिलेलं पत्र तू घरात असतानाच आलं. मी ते खिशात घातलं. तुला दाखवायची हिंमत झाली नाही. तू गेल्यावर वाचलं. मोठ्यानं नाही.

कप्तान तुझी सायकल घेऊन स्वतः आले होते. चहा घेतला, पाऊण तास बसले. भला माणूस आहे. सायकल जिन्याखाली आहे. शिंपीणबाईंनी तिच्यावर जुनी चादर टाकली आहे. मी दोन वेळा जेवतो. भात जरा कच्चा राहतो माझा, पाणी किती घालायचं ते ती बोटानं मोजायची आणि माझी बोटं जाड आहेत. डॉक्टरीणबाईंनी माझी छाती तपासली, ठणठणीत म्हणाल्या. मला तेही बरं वाटलं नाही.

रागाचं का होईना, पण पत्र लिही.

बाबा


१२ जुलै

बाबा,

तुमच्यावर राग नाही. कसं सुचलं तुम्हाला ते? तुम्ही ‘ये’ लिहिलं होतं. सरळ शब्दांत, दोनदा. त्यानंतर तार नसती केलीत तरी चाललं असतं.

तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही, कारण बघता येईना. जन्मात एकदा तुम्ही खरं घाबरला होतात आणि ते मी हसण्यावारी नेलं. पत्रातही थट्टा केली. दोघांत आजारी कोण ते दिसतंच आहे, असं लिहिलं. ते तुम्ही वाचलंत हे कळल्यापासून तर जास्तच.

वरून लिहिलेल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. त्या पहाटे मी टेम्पोत बसले होते. सायकल कप्तानांनी टपावर बांधली होती, ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती. बेकरीवाले काका खिडकीपाशी येऊन माझ्या हातात ब्रेडची पुडी देऊन गेले होते, वाटेत खा म्हणून. मग मी पत्र परत काढलं आणि आईची ओळ बघितली. वाचली नाही बाबा, बघितली. मी अक्षरांवर पोट भरते. हात थकलेला असला की उभी रेघ खाली जाताना वाकते, गोल शेवटाला मिटत नाही. नवीन माणसाची पाटी मी लांबून ओळखते, तो आजारी होता का तेही सांगते. आईच्या ओळीत तसं काहीच नव्हतं. म्हणून मी म्हटलं, हे खरं आहे. माझं काम मला कळतं या तोऱ्यात मी ड्रायव्हरला थांबवलं आणि सायकल खाली काढायला लावली. सकाळीच स्टेशनावर असते. दुसऱ्या दिवशी घरी. तरीही उशीरच झाला असता, हे मला माहीत आहे, मी हिशेब केलाय. पण मी निघालेली तरी असते.

डेपोत त्या घाटावरच्या गावाची पाटी आली की मी दुसऱ्याकडे देते. मुकादमानं एकदा विचारलं, आता विचारत नाही.

मला एकच सांगा, आणि माझं मन राखायला खोटं लिहू नका. शेवटी आईनं मला बोलावलं का?

भिंगरी


१८ जुलै

भिंगरी,

खोटं लिहिणार नाही. तिनं तुला बोलावलं नाही.

आता बाकीचंही लिहितो, म्हणजे तुला ते एक वाक्य एकटं वाचावं लागणार नाही.

ती ओळ तिनं सबंध दुपारभर लिहिली. खुर्चीत बसून, मांडीवर चहाचा ट्रे, त्यावर कागद. आधी औषधाच्या पुडक्याच्या पाठीवर तिनं ‘मी बरी आहे’ लिहून बघितलं. वेडंवाकडं आलं. ती म्हणाली, हे चालायचं नाही, पोरगी अक्षर ओळखते. मग ती एक अक्षर लिहायची, डोळे मिटून बसायची, श्वास परत आला की पुढचं. मला खिडकी उघडायला पाठवलं असं मी लिहिलं होतं, ते खरं आहे, पण मी परत आलो तेव्हा दोनच शब्द झाले होते. पुढचे सगळे माझ्यासमोर झाले. शेवटी शेवटी मी तिचं कोपर खालून धरलं होतं. तेव्हा तू तुझ्या कामात चुकली नाहीस. तू ओळखशील हे माहीत होतं म्हणूनच तिनं इतकं नीट काढलं. तुझ्या कामाची तिच्याइतकी धास्ती तुझ्या मुकादमालाही नसेल.

आणि हे तुला पटणार नाही, पण लिहून झाल्यावर तिनं कागद माझ्याकडे दिला, मी तो वाचला आणि मलाही बरं वाटलं. मी समोर बसून सगळं बघितलं होतं, तरीसुद्धा. इतकं छान अक्षर आहे, म्हणजे इतकी वाईट नसेल, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो. मी, जो लिफ्टचा दिवा लुकलुकला तरी जेवायचा नाही.

तारेचंही सांगतो. ती जायच्या आदल्या दिवशी मी तारघरात गेलो होतो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतला कारकून वर न बघता म्हणाला, कोण गेलं? त्यानं वाईट अर्थानं विचारलं नसेल, दिवसभर त्याला तेच लिहावं लागतं. पण मी म्हटलं, कोणी गेलं नाही, आणि रांगेतून बाहेर पडलो. मला वाटलं, तार केली की ते खरं होईल. घरी येऊन तिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, बरं केलंत.

त्या दिवशी, म्हणजे तू चढत होतीस तेव्हा, तिनं सकाळीच मुक्कामांचा कागद कपाटावरून काढून मागितला. किती ऊन आहे बघा, म्हणाली. इथेही होतं. मी ओलं फडकं करून तिच्या कपाळावर ठेवलं. दर थोड्या वेळानं विचारायची, आता कुठे असेल. मला काय कळणार डोंगरातलं? शेवटी म्हणाली, तुमच्या हिशेबात सांगा की, कितव्या मजल्यावर असेल? तेव्हा मला सांगता यायला लागलं. पाचव्या, म्हटलं. मग आठव्या. मध्ये मी एकदा म्हटलं, थांबली आहे, लोक उतरताहेत. तिला ते पटलं. दुपार कलली तशी ती फार बोलेना. मग म्हणाली, आता? मी म्हटलं, वर. शेवटच्या.

‘मग दार उघडा की,’ ती म्हणाली.

माझ्या हातून खरंच तसा हात झाला, जाळीचा दरवाजा सरकवतो तसा. तिनं बघितलं असावं असं मला वाटतं. मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा संपलं होतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी वेळ जुळवून बघितली नाही, आणि तूही बघू नकोस. तू वर कधी पोचलीस ते तिला मी सांगितलं होतं, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली. एवढ्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर तिनं शंका घेतली नाही असं ते एकदाच.

बोलावलं का म्हणून विचारलंस. तू यायला नको होतीस असं नव्हतं. तुझ्या वाटेचा एकही चढ अर्धा राहू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि त्यासाठी तिनं आपल्या दोघांना फसवलं. तिच्यावर रागवायचं असेल तर रागव. मीही रोज थोडा रागावतो, मग खुर्ची खिडकीपाशी सरकवून बसतो.

काल शिंपीणबाईंना तुझं वरचं पत्र वाचून दाखवलं, या वेळी मोठ्यानं. समुद्राच्या ओळीपर्यंत पोचलो, पुढे त्यांनी वाचलं.

भिंगरी, आता मी जे लिहिणार आहे ते तू आधी तीनदा वाचलं आहेस आणि त्यातलं एकदाच ते खरं होतं. डॉक्टरीणबाईंना विचार हवं तर. मला ताप नाही, छाती दुखत नाही, जिना चढतो, जेवतो. घरात कोणी आजारी नाही.

तरी ये.

बाबा